दिवाळखोरीचा अर्ज आणि ‘लोक काय म्हणतील’: इंदूरच्या मराठी कुटुंबांसाठी सविस्तर मार्गदर्शक

कर्ज आता फिटणार नाही हे मनात उमगल्यापासून ते कोणाला तरी सांगेपर्यंत जे महिने जातात, त्यांत माणूस बहुतेक गोष्टी लाजेपोटी करतो. मेहुण्याचे हातउसने तो आधी गुपचूप फेडतो, कारण मेहुणा घरी येतो-जातो. फ्लॅट बायकोच्या नावावर करून टाकतो. हप्ता चुकल्याचं कळू नये म्हणून मोबाइलवरच्या ॲपमधून नवं कर्ज उचलतो. बँकेचं रजिस्टर्ड पाकीट न फोडता कपाटात ठेवून देतो. पुढे न्यायालयात त्याच्या विरोधात जातात त्या नेमक्या याच गोष्टी. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हा सल्ला कर्जाच्या बाबतीत फार महाग पडतो.

इंदुरात हे अधिक जाणवतं. रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर इथल्या मराठी घरांमध्ये ओळखी पिढ्यांच्या आहेत. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलेला माणूस मावसभाऊ असतो, बीसीतल्या (भिशीतल्या) बायका एकमेकींच्या वर्गमैत्रिणी असतात आणि गणपतीत सगळे एकाच मांडवात भेटतात. म्हणून या लेखात कायद्याच्या पायऱ्यांइतकीच जागा कोणाला, कधी आणि कोणत्या शब्दांत सांगायचं याला दिली आहे.

कोणता कायदा लागू होतो

इथे पहिला गोंधळ होतो. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग आहे, पण तो १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांसाठी. तुम्ही स्वतःच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या कर्जाला हमी दिली असेल, तर तुमचं प्रकरण राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या इंदूर खंडपीठाकडे जाईल.

पगारदार, दुकानदार, शिकवण्या घेणारे, छोटे ठेकेदार अशा इतर सगळ्यांसाठी आधार आहे तो १९२० चा प्रांतीय दिवाळखोरी अधिनियम आणि अर्ज जातो जिल्हा न्यायालयात. मुंबईच्या नातेवाइकांचा अनुभव इथे लावू नका. मुंबई, कोलकाता आणि चेन्नईसाठी १९०९ चा वेगळा कायदा आहे. शंभर वर्षं जुन्या या कायद्याखाली अर्ज कमी येतात, त्यामुळे वकील निवडताना सरळ विचारा, “प्रांतीय दिवाला अधिनियमात तुम्ही अर्ज केला आहे का? डिस्चार्जपर्यंत नेला आहे का?” डिस्चार्ज म्हणजे उरलेल्या देण्यांतून न्यायालयाने दिलेली मुक्तता, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, हेल्पलाइन १५१००. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि ठरावीक मर्यादेखालच्या उत्पन्नाची माणसं यांना मोफत वकील मिळतो.

आधी आकडा कागदावर

एका वहीत पाच रकाने आखा: देणेकऱ्याचं (ज्याचे पैसे द्यायचे आहेत त्याचं) नाव आणि पत्ता, आज थकलेली रक्कम, व्याजदर, तारण आहे की नाही, जामीन किंवा सहकर्जदार कोण. त्यात बँक, पतसंस्था, क्रेडिट कार्ड, ॲप, सोनेतारण, बीसीचे उरलेले हप्ते, किराणा दुकानाची उधारी, आत्याकडून घेतलेले ४० हजार, सगळं लिहा. घरच्यांचं देणं वगळण्याचा मोह होतो, पण कायद्याला सगळ्या देणेकऱ्यांची नावं हवी असतात. यादीतून मुद्दाम गाळलेलं एक नाव पुढे तुमच्या सगळ्या यादीवर संशय आणतं.

बँकांचा आकडा आठवणीवर न लिहिता चार पत माहिती कंपन्यांकडून अहवाल मागवा: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. विसरलेलं कार्ड किंवा कोणासाठी तरी घेतलेली हमी त्यात सापडते.

मग महिन्याचा हिशेब मांडा. समजा हातात पगार ६२ हजार, घरखर्च ३४ हजार, घराचा हप्ता १८ हजार. उरतात १० हजार. कार्डांवर ४ लाख थकले आहेत आणि दरमहा ३ टक्के व्याज लागतं, म्हणजे १२ हजार. वैयक्तिक कर्ज ९ लाख, वार्षिक १६ टक्के, म्हणजे आणखी १२ हजार. नुसतं व्याजच २४ हजार होतं आणि हातात आहेत १० हजार. या घरातला माणूस कितीही काटकसरी झाला तरी मुद्दलाला हात लागत नाही. हा हिशेब नवरा-बायकोने एकत्र बसून करावा. आकडा समोर आला की ‘तू उधळपट्टी केलीस’ हे भांडण पुष्कळदा तिथेच थांबतं.

अर्ज खरंच हवा का

बिनतारणी देणं पाच वर्षांत फेडण्याजोगं असेल तर अर्जाच्या वाटेला जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. आधी बँकेला लेखी पत्र देऊन हप्ता कमी करणं, मुदत वाढवणं किंवा एकरकमी तडजोड मागावी. लोक अदालतीत तडजोड झाली तर वेगळं न्यायशुल्क लागत नाही आणि तिथला निवाडा अंतिम असतो. तडजोडीनंतर पत अहवालात खातं ‘सेटल्ड’ असं दिसतं, ‘क्लोज्ड’ असं नाही. पुढच्या कर्जाला त्याची अडचण होते, हे ठाऊक ठेवून सही करा.

अर्जाने काही गोष्टी सुटतच नाहीत. गृहकर्ज किंवा सोनेतारण देणारी बँक आपलं तारण विकू शकते, दिवाळखोरी तिला अडवत नाही. सरकारचं देणं, फसवणुकीतून झालेलं देणं आणि न्यायालयाने ठरवलेली पोटगी डिस्चार्जनंतरही राहते. चेक परत गेल्याचा खटला फौजदारी असतो, तो वेगळा चालतो. आणि जामीनदार सुटत नाही. हे शेवटचं वाक्य अर्जाआधी दोनदा वाचा.

हे सगळं धरूनही बिनतारणी देणं आवाक्याबाहेर असेल, तर कर्जदार स्वतः अर्ज करू शकतो. देणं ५०० रुपयांचं असलं किंवा पैशांच्या हुकूमनाम्यात (पैसे देण्याच्या न्यायालयीन आदेशात) अटक वा जप्ती झाली असली तरी अट पुरी होते. १९२० चा आकडा अजून तोच आहे.

आजपासून काय थांबवायचं

कोणालाही निवडून पैसे देणं थांबवा. अर्जाआधीच्या ३ महिन्यांत एका देणेकऱ्याला झुकतं माप देण्यासाठी केलेली फेड न्यायालय रद्द ठरवू शकतं. म्हणजे सासऱ्यांचे २ लाख आधी फेडून तुम्ही त्यांची सोय करत नाही, रिसीव्हर (मालमत्ता ताब्यात घ्यायला न्यायालयाने नेमलेला माणूस) पुढे ते पैसे त्यांच्याकडे मागायला जाण्याची वेळ आणता. बक्षीसपत्रानं घर, प्लॉट किंवा गाडी कोणाच्या नावावर केली आणि त्यानंतर २ वर्षांत दाखल झालेल्या अर्जावर दिवाळखोर ठरलात, तर तोही व्यवहार रद्द होऊ शकतो. आधीच असं काही झालं असेल तर वकिलाला पहिल्या बैठकीतच सांगा आणि अर्जात लिहा. मालमत्ता लपवणं किंवा हिशेब खोटे करणं याला एक वर्षापर्यंत कैद आहे.

नवं कर्ज घेऊ नका. फेडीची आशा नसताना घेतलेलं कर्ज डिस्चार्जच्या वेळी विरोधात मोजलं जातं. सट्टा, जुगार आणि पेलवणार नाही असा खर्चही तसाच. लग्नकार्य तोंडावर असेल तर ते साधेपणाने करा. ऋण काढून केलेल्या सणाची बिलं देणेकऱ्यांचा वकील न्यायालयात नक्की दाखवतो.

जपायचे कागद वेगळे ठेवा: रुग्णालयाची बिलं, नोकरी गेल्याचं पत्र, दुकान बंद पडल्याचे पुरावे, आगीचा पंचनामा, बुडालेल्या येण्याची बिलं, मागच्या ३ वर्षांचे हिशेब. या फाइलचं महत्त्व शेवटी कळेल.

कोणाला, कोणत्या क्रमाने सांगायचं

दिवाळखोर ठरवल्याच्या आदेशाची सूचना राजपत्रात छापली जाते, सुनावणीच्या तारखेचीही. देणेकऱ्यांना नोटिसा जातातच. तेव्हा हे गुप्त राहणार नाही, हे धरूनच चाला. लोकांना ते तुमच्या तोंडून कळतं की नोटिशीतून, एवढंच तुमच्या हातात उरतं.

पहिली व्यक्ती जोडीदार. पूर्ण आकडा सांगा. अर्धा आज, अर्धा पुढच्या महिन्यात असं केलं तर दुसऱ्या वेळी कर्जापेक्षा खोटेपणाचा घाव मोठा बसतो. वही समोर ठेवून एवढं म्हटलं तरी पुरे: “हे मी तुझ्यापासून लपवलं. एकूण एकवीस लाख आहेत, यादी ही. यापुढे प्रत्येक कागद तू बघशील.”

दुसरा जामीनदार, आणि तो अर्जाआधी. बँक त्याच्याकडे संपूर्ण रक्कम मागू शकते, म्हणून त्याला तयारीला वेळ हवा. त्याच्या घरी जा, फोनवर नको. “दादा, पतसंस्थेच्या कर्जाला तू जामीन आहेस. मी न्यायालयात अर्ज करणार आहे, त्यानंतर ते तुझ्याकडे येतील. बाकी तीन लाख दहा हजार आहे. आपण दोघं आधी संस्थेत जाऊन तडजोडीचं विचारू या का?” तो चिडेल, त्याला चिडू द्या. त्याचं नुकसान खरं आहे. अशा वेळी ‘देवाच्या कृपेने सगळं ठीक होईल’ म्हणू नका, कागदाची प्रत द्या.

तिसरे आईवडील. वयस्कर माणसांना आकड्याच्या आधी सुरक्षिततेची खात्री हवी असते. “बाबा, तुमच्या पेन्शनला आणि तुमच्या नावावरच्या घराला कोणी हात लावू शकत नाही” हे पहिलं वाक्य असावं, मग बाकीचं. मात्र त्यांनी हमीवर सही केली असेल तर हे वाक्य खरं ठरणार नाही. आधी कागद तपासा. म्हातारपणची ठेव मोडून ते पैसे पुढे करतील. ती ठेव या खड्ड्यात टाकू नका.

मुलांना लपवाछपवी आपोआप कळते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला “आपल्यावर कर्ज झालं आहे, कोर्टाच्या मदतीने ते मिटवतो आहोत, शाळा चालू राहील” इतकं पुरतं. कॉलेजातल्या मुलाला यादी दाखवा, आणि शैक्षणिक कर्जावर सहकर्जदार कोण आहे तेही.

बीसी आणि मंडळं यांचा विचार स्वतंत्रपणे करा. बीसीचा नंबर आधीच उचलला असेल तर उरलेले हप्ते हे तुमचं देणं आहे, ते यादीत जातं. बीसी चालवणाऱ्या वहिनींना भेटून तसं सांगा. गणेशोत्सव मंडळाचे किंवा सोसायटीचे कोषाध्यक्ष असाल तर अर्जाआधी हिशेब, पासबुक आणि रोकड दुसऱ्या पदाधिकाऱ्याकडे सोपवून पावतीवर दोन सह्या घ्या. हे न करता पद अडवून बसलं की ‘मंडळाचे पैसे पण खाल्ले असतील’ ही कुजबुज सुरू होते आणि ती खोडणं फार अवघड जातं.

शेजारी, दूरचे नातेवाईक, लग्नात भेटलेले काका यांना स्पष्टीकरण देणं लागत नाही. एक वाक्य ठरवून ठेवा आणि नवरा-बायकोने तेच बोला: “धंद्यात खोट आली, रीतसर न्यायालयात गेलो आहोत, हिशेब सगळा दिला आहे.” कोणी खोदून विचारलं तरी तेच वाक्य पुन्हा. समारंभ टाळू नका. तीन महिने कुठेच न दिसलेल्या माणसाबद्दल लोक स्वतःच्या मनाने गोष्टी रचतात.

या काळात “मी नसतो तर विम्याचे पैसे तरी आले असते” असा विचार मनात आला, किंवा घरातल्या कोणी तो बोलून दाखवला, तर वकिलाची वेळ नंतर घ्या. त्या माणसाला एकटं सोडू नका आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. सेवा मोफत आहे, रात्रीही चालते.

भीती आणि प्रत्यक्ष कायदा

‘तुरुंगात टाकतील.’ दिवाणी कैदेची तरतूद आहे, पण १९८० मध्ये जॉली जॉर्ज व्हर्गीस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ पैसे नाहीत म्हणून कर्जदाराला कैदेत टाकता येत नाही. ऐपत असून टाळाटाळ किंवा बदनियत दिसली पाहिजे. पैशांच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक होतच नाही.

‘घरातली भांडी उचलून नेतील.’ दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि कारागिराची हत्यारं जप्त होत नाहीत. धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाही असा दागिनाही सुटतो, म्हणजे मंगळसूत्र राहतं. पाटल्या, हार आणि लॉकरमधलं सोनं या सवलतीत नाही. भविष्य निर्वाह निधी, पीपीएफ, सरकारी पेन्शन आणि स्वतःच्या आयुर्विम्याची रक्कम जप्तीपासून सुरक्षित आहे. पीपीएफ मोडून कार्ड भरणाऱ्यांना हे आधी माहीत असतं तर बरं झालं असतं. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सुटतो. ६२ हजारांवर जप्त होऊ शकणारा भाग अंदाजे २० हजार ३३३ येतो.

‘मुलांवर कर्ज राहील.’ वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. वडिलांचं ऋण मुलाने फेडावं हे हिंदू कायद्यातलं धार्मिक बंधन, २००५ च्या दुरुस्तीनंतर घेतलेल्या कर्जांसाठी, न्यायालय मानत नाही. मुलगा स्वतः सहकर्जदार किंवा जामीन असेल तर मात्र तो बांधील आहे.

‘नोकरी जाईल.’ केंद्र सरकारी कर्मचाऱ्यावर कर्जवसुलीची किंवा दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली तर सेवावर्तणूक नियमांप्रमाणे त्याने ते लगेच कार्यालयाला कळवायचं असतं. दोष बहुतेक न कळवण्यातच निघतो. खासगी नोकरीत नेमणूकपत्र वाचा. मतदानाचा हक्क जात नाही. डिस्चार्ज मिळेपर्यंत निवडणूक लढवता येत नाही आणि कंपनीचं संचालकपद घेता येत नाही.

अर्ज ते आदेश

अर्जात लागतं ते असं: देणी भागवता येत नाहीत हे विधान, राहण्याचा किंवा धंद्याचा पत्ता, सगळ्या देणेकऱ्यांची नावं-पत्ते-रकमा, सगळी मालमत्ता, तिची किंमत आणि ती कुठे आहे, जप्तीमुक्त वस्तू सोडून बाकी न्यायालयाच्या हवाली करण्याची तयारी, आणि आधी कधी असा अर्ज केला होता का. अर्ज वादपत्राप्रमाणे सत्यापित करायचा, म्हणजे मजकूर खरा असल्याचं सहीनिशी लिहून द्यायचं. न्यायालयाचं काम हिंदीत चालतं, म्हणून मराठीत लिहिलेल्या हातउसन्याच्या चिठ्ठ्या, बीसीची वही, दुकानाची खतावणी यांचा हिंदी अनुवाद आधीच करून घ्या. एकदा दिलेला अर्ज न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही.

अर्ज दिला की फोन थांबतील ही समजूत चुकीची आहे. १९२० च्या कायद्यात संरक्षण मुख्यतः दिवाळखोर ठरवल्याच्या आदेशानंतर मिळतं. तेव्हा मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते आणि ज्यांचं देणं या कार्यवाहीत सिद्ध करता येतं त्यांना परवानगीशिवाय नवा दावा लावता येत नाही. अटकेपासून संरक्षणाचा आदेश वेगळा मागावा लागतो. देणेकऱ्यांपैकी संख्येने बहुमत आणि रकमेने तीन चतुर्थांश तयार असतील तर तडजोडीची योजनाही मंजूर होऊ शकते. हे काम महिन्यांत उरकत नाही, वर्षं लागतात.

मधल्या काळातल्या वसुलीवाल्यांसाठी एक वही ठेवा: तारीख, वेळ, नंबर, काय बोलला. रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या सूचनेप्रमाणे सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करता येत नाही. चारचौघांत अपमान करणं, नातेवाइकांना आणि मित्रांना छळणं यालाही मनाई आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, माहितीसाठी १४४४८. धमकी किंवा छेडछाड केलेले फोटो आले तर थेट पोलीस आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल.

आदेशानंतर ५० रुपये किंवा त्याहून जास्त उधारी घेताना आपण दिवाळखोर आहोत हे सांगितलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून किराण्याचं खातं बंद करा, रोख घ्या.

डिस्चार्ज आणि ते प्रमाणपत्र

आदेशातच डिस्चार्जसाठी अर्ज करण्याची मुदत लिहिलेली असते. ती तारीख घरात सगळ्यांना दिसेल अशी लिहून ठेवा. मुदत चुकली तर दिवाळखोरीचा आदेश रद्द होऊ शकतो, देणी पुन्हा उभी राहतात आणि नवा अर्ज करायला परवानगी लागते. आदेश मिळाला, दारातली वर्दळ थांबली, लोक निश्चिंत होतात आणि नेमकं हेच विसरतात.

मालमत्ता बिनतारणी देण्याच्या रुपयाला आठ आण्यांइतकीही भरत नसेल तर बिनशर्त डिस्चार्ज सहसा नाकारला जातो. अपवाद असतो तो ज्या कारणांना तुम्ही जबाबदार नव्हता त्यांचा, आणि ती कारणं सिद्ध होतात जपून ठेवलेल्या त्या फाइलमधून. १९२० च्या कायद्याच्या कलम ७३ मध्ये याहून पुढची सोय आहे. ही दिवाळखोरी गैरवर्तनाशिवाय, केवळ दुर्दैवाने आली, असं प्रमाणपत्र न्यायालय डिस्चार्जसोबत देऊ शकतं, आणि त्या कलमाखालच्या अपात्रता त्याने निघून जातात. पुष्कळ वकील ते मागतच नाहीत. तुम्ही डिस्चार्जच्या अर्जातच त्याची विनंती लिहायला सांगा आणि प्रत्येक कारणासमोर फाइलमधल्या पुराव्याचा क्रमांक घाला. आदेशाच्या पाच-सहा प्रमाणित प्रती काढा: एक कार्यालयाला, एक जामीन राहिलेल्या भावाला, एकेक पत माहिती कंपन्यांना खात्यांची नोंद दुरुस्त करण्याच्या अर्जासोबत, आणि एक घरच्या मोठ्या माणसाच्या हातात द्यायला.